व्हॅक्यूम क्लीनर ज्येष्ठांच्या हाताला बेतताना

अनेक मध्यमवर्गीय घरांत व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र असते, पण ते वापरात असतेच असे नाही. दिवाळीच्या आधी हौसेने आणलेले, दोन-चार महिने चालवलेले आणि मग खोक्यासकट माळ्यावर किंवा पलंगाखाली गेलेले हे यंत्र पुन्हा दसऱ्याच्या साफसफाईलाच बाहेर येते. का वापरत नाही, असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. ‘पूर्वीसारखे ओढत नाही.’ ‘चालू केले की धुळीचा वास येतो आणि शिंका सुरू होतात.’ ‘वाकून वाकून कंबर धरते.’ घरात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे असतील तर तिसरे कारण सर्वांत आधी सांगितले जाते. मग पुन्हा केरसुणी हाती येते. कोरड्या केरसुणीने जमिनीवरची बारीक धूळ हवेत उडते आणि घरातील ज्या माणसाला ती सर्वांत बाधते, तेच माणूस दिवसभर त्या घरात असते.

वरील तीन तक्रारींपैकी बहुतेकांवर घरच्या घरी, फार खर्च न करता उपाय करता येतो. रंगाची रिकामी बादली, पीव्हीसी पाइपचा तुकडा, सायकलची जुनी ट्यूब, सुती कापडाची पट्टी एवढ्या सामानात जुने यंत्र पुन्हा उपयोगी होते. मात्र यंत्राचा कोणता भाग घरी करावा आणि कोणत्या भागाला हात लावू नये, यातली सीमारेषा नीट समजली पाहिजे. कारण चुकीच्या जागी केलेली सुधारणा स्वच्छतेच्या नावाखाली फुप्फुसांवर भार टाकते.

पहिले यंत्र घरीच झाले होते

धूळ हवेच्या ओढीने खेचून घेण्याची कल्पना 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहून त्याला वाटले की फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये. उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याचे यंत्र मात्र एवढे प्रचंड होते की ते घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत.

घरात एका माणसाने हाताळावे असे यंत्र तयार झाले ते अमेरिकेत, ओहायो राज्यातील कँटन या गावी. जेम्स मरे स्पँग्लर हा तेथील एका मोठ्या दुकानात साफसफाईचे काम करी. वय साठीला टेकलेले आणि जोडीला दमा. गालिचे साफ करताना उडणाऱ्या धुळीने त्याची छाती भरून येई. 1907 साली त्याने पंख्याची विजेची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठवण्यासाठी उशीचा अभ्रा एवढ्या वस्तू जोडून स्वतःपुरते एक यंत्र उभे केले. 1908 साली त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी ते हक्क हूव्हर कुटुंबाकडे गेले. पुढचा व्यापारी इतिहास सर्वज्ञात आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा आरंभ दम्याने त्रस्त असलेल्या एका वयस्क कामगाराने, घरातल्या वस्तू वापरून आणि स्वतःच्या श्वासासाठी केला.

त्यातला उशीचा अभ्रा मात्र आज कोणी पुन्हा वापरू नये. का, ते समजण्यासाठी धुळीकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फरशीवर पायाला लागणारी रेती, केस, कपड्यांचे तंतू, भाजीची वाळलेली साल ही सगळी ठळक धूळ. ती त्रासदायक असली तरी श्वासावाटे खोल जात नाही, कारण नाकातच ती बहुतांशी अडते.

याहून बारीक असते ती धुळीतील सूक्ष्म किडींची विष्ठा. गादी, उशी, सोफा आणि गालिचा यांत राहणाऱ्या या किडी माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. किडीची लांबी मिलिमीटरच्या पावभागाच्या आसपास, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. घरातल्या धुळीची ॲलर्जी बऱ्याच अंशी या किडींमुळे होते, हे नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या विष्ठेचे कण सुमारे दहा ते चाळीस मायक्रॉनचे असतात. हलवले नाही तर ते पडून राहतात; गादी झटकली, चादर ओढली किंवा केरसुणी फिरवली की उडतात आणि काही मिनिटांत पुन्हा खाली बसतात. या किडींना दमट हवा मानवते. म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गाद्यांना ऊन मिळत नाही तेव्हा त्यांचे फावते. गाद्या कडक उन्हात टाकण्याची आपल्याकडील जुनी रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे.

तिसरी धूळ पाच-दहा मायक्रॉनपेक्षाही लहान. चुलीचा, उदबत्तीचा आणि वाहनांचा धूर, बुरशीचे बीजाणू, मोठ्या कणांचे तुटलेले तुकडे यांचा त्यात समावेश होतो. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोल पोचतात. वयानुसार श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची कचरा बाहेर लोटण्याची गती मंदावते, खोकल्याचा जोरही कमी होतो. तरुण माणूस जी धूळ दोन शिंकांत बाहेर टाकतो, ती वयस्क व्यक्तीच्या छातीत अधिक काळ रेंगाळते. दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असेल तर एवढे कारणही त्रास वाढवायला पुरते.

आता यंत्राकडे पाहू. मोटर पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ नळीतून पिशवीत येते, पिशवी धूळ अडवते आणि हवा मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत येते. ओढलेली सगळी हवा आपल्याच खोलीत परत सोडली जाते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पिशवीचे किंवा फिल्टरचे छिद्र मोठे असेल, तर जमिनीवर शांत पडलेली सूक्ष्म धूळ यंत्र मोठ्या वेगाने नाकाच्या उंचीवर आणून सोडते. साध्या कापडाची वीण ठळक धूळ अडवते. सूक्ष्म धूळ तिच्यातून निघून जाते. म्हणून जुन्या चादरीची पिशवी शिवून यंत्रात घालणे, फाटलेल्या फिल्टरच्या जागी फोमचा तुकडा बसवणे हे उपाय कितीही काटकसरीचे वाटले तरी टाळावेत. ‘हेपा’ या नावाने ओळखला जाणारा फिल्टर 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडवतो अशी त्याची व्याख्या आहे. असे काम घरी शिवलेल्या कापडाला साधणार नाही.

म्हणून सीमारेषा अशी आखावी. हात, दांडा, नळी आणि यंत्रात धूळ जाण्यापूर्वीचा मार्ग यांत घरच्या सुधारणा कराव्यात. पिशवी, फिल्टर, मोटर, वायर आणि हवा बाहेर सोडण्याची जाळी हे भाग मात्र त्या यंत्रासाठी बनवलेलेच वापरावेत.

बादलीचा सापळा

‘पूर्वीसारखे ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मोटरमध्ये नसते. पिशवीची किंवा फिल्टरची छिद्रे धुळीने बुजलेली असतात आणि हवेला वाट उरत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे ठळक धूळ पिशवीपर्यंत पोचूच न देणे.

लाकडाच्या वखारीत भुसा वेगळा करण्यासाठी शंकूच्या आकाराचे मोठे पत्र्याचे नळकांडे असते. हवा त्यात कडेने शिरते, गोल फिरते, भुसा भिंतीला आपटत खाली घसरतो आणि स्वच्छ झालेली हवा मधून वर निघते. इंग्लंडमधील जेम्स डायसन यांनी 1978 साली हे तत्त्व घरच्या यंत्राला लावून पाहिले. त्यांचा पहिला नमुना पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांचा होता आणि तो त्यांनी जुन्या यंत्राची पिशवी काढून तेथे बसवला होता. समाधानकारक यंत्र हाती येईपर्यंत त्यांनी 5,127 नमुने केले. आपल्याला एवढे करायचे नाही. आपली पिशवी आणि फिल्टर जागच्या जागी राहू द्यायचे आणि त्यांच्या आधी एक सापळा ठेवायचा.

त्यासाठी घट्ट झाकणाची, जाड प्लॅस्टिकची वीस लिटरची रंगाची बादली घ्यावी. ती धुऊन पूर्ण वाळवावी. झाकणाला यंत्राच्या नळीच्या मापाची दोन भोके पाडावीत. एक बरोबर मध्ये आणि एक कडेजवळ. घरगुती यंत्रांची नळी बहुधा 32 किंवा 35 मिलिमीटरची असते, तरी प्रत्यक्ष मोजूनच भोक पाडावे. हे काम सुताराकडून किंवा प्लंबरकडून करून घेतल्यास भोक गोल आणि साफ पडते. मधल्या भोकात पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा असा बसवावा की तो झाकणाखाली दोन-तीन इंच उतरेल. कडेच्या भोकात पाइपचा तुकडा घालून झाकणाच्या खालच्या बाजूला ‘एल्बो’ नावाने मिळणारा वाकडा जोड लावावा. त्याचे तोंड बादलीच्या भिंतीच्या बाजूने, किंचित खाली झुकलेले असावे. आत येणारी हवा भिंतीलगत गोल फिरू लागते ती या जोडामुळेच; तो नसेल तर बादली केवळ अडगळ ठरेल. दोन्ही जोडांभोवती सिलिकॉन सीलंट भरून एक दिवस वाळू द्यावे.

मधल्या पाइपला यंत्राकडे जाणारी नळी जोडावी आणि कडेच्या पाइपला जमिनीवर फिरवायची नळी. त्यासाठी नळीचा एक जादा तुकडा लागतो. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. केस, रेती, कोंडा, तंतू बादलीत राहतात. सूक्ष्म धूळ मात्र पुढे जाते आणि यंत्राच्या फिल्टरनेच ती अडवायची असते. म्हणजे ही बादली फिल्टरची जागा घेत नाही, ती फिल्टरचे आयुष्य वाढवते. बादली असली तरी पिशवी वेळेवर बदलणे आणि फिल्टर तपासणे चुकत नाही.

येथे काही सावधगिरी हवी. नळीचे तोंड अचानक बंद झाले, तर आतल्या ओढीने पातळ बादली चेपते. म्हणून बादली जाड हवी किंवा एकात एक अशा दोन बादल्या बसवाव्यात. बादली तिसरा हिस्सा भरली की रिकामी करावी. रिकामी करताना उडणारी धूळ हीच सर्वांत वाईट, म्हणून ते काम घराबाहेर, नाकावर एन-95 मास्क लावून, घरातील धडधाकट व्यक्तीने करावे. तळाशी आधीच ओलसर वर्तमानपत्र ठेवू नये. ओलावा वर जाऊन फिल्टरवर बुरशी धरते. कचरा पिशवीत ओतून झाल्यावर त्यावर पाण्याचा हबका मारावा.

बादली आणि यंत्र अशा दोन वस्तू मागे फरफटत येऊ लागल्या की पाय अडकण्याची भीती वाढते. गॅसच्या सिलिंडरखाली ठेवतात ती चाकांची गोल ट्रॉली येथे उपयोगी पडते. वीस लिटरची बादली तिच्यात बसते. तरीही ज्यांचा तोल जातो किंवा जे काठी घेऊन चालतात, त्यांनी बादली जोडलेले यंत्र स्वतः ओढू नये. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीवर स्थितिक विद्युत साठून बोटाला बारीक चटका बसतो. त्याने इजा होत नाही, पण दचकून तोल जाऊ शकतो, हे ध्यानात असावे. बॅटरीवरच्या हातातल्या लहान यंत्रांना आणि आपोआप फिरणाऱ्या चकतीसारख्या यंत्रांना हा सापळा लावू नये. त्यांची ओढ त्यासाठी पुरेशी नसते.

गळती शोधणे

बादली न करताही एक छोटी दुरुस्ती प्रत्येक घरी करता येते. जुन्या यंत्राची नळी जोडांपाशी सैल झालेली असते आणि बरीच हवा तेथूनच आत शिरते. ओळखण्याची रीत सोपी आहे. यंत्र चालू ठेवून नळीचे तोंड क्षणभर तळहाताने झाकावे. मोटरचा आवाज चढला तर मार्ग बंदिस्त आहे. आवाजात फरक पडला नाही तर हवा कोठून तरी शिरते आहे. मग शिवणाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा एकेका जोडाजवळ धरून पाहावे. जेथे दोरा आत ओढला जाईल तेथे गळती. धूर पाहण्यासाठी पेटती उदबत्ती मात्र मुळीच वापरू नये. तिची ठिणगी ओढली गेली तर पिशवीतील कोरडी धूळ पेट घेऊ शकते.

गळती सापडली की सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची चकती कापून जोडावर ताणून बसवावी. चिकटपट्टीपेक्षा ती अधिक काळ टिकते, आणि नळी साफ करायची झाल्यास काढता-घालता येते. यंत्राच्या पिशवीच्या कप्प्याचे रबरी अस्तर निघाले असेल, तर तेथे मात्र त्याच यंत्राचा मूळ भाग आणावा, कारण त्या जागेची गळती सूक्ष्म धूळ थेट मोटरकडे आणि पुढे खोलीत सोडते.

कंबर, मनगट आणि दांड्याची लांबी

बाजारातील यंत्राचा दांडा सरासरी उंचीच्या माणसासाठी बनवलेला असतो. उंच माणसाला तो आखूड पडतो आणि पाठीत बाक आलेल्या वयस्क व्यक्तीला कधी कधी लांब. माप असे घ्यावे. पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, कोपर किंचित वाकलेले ठेवावे आणि यंत्राचे तोंड पावलांच्या दीड फूट पुढे फरशीवर सपाट टेकलेले असावे. या स्थितीत कंबरेतून वाकावे लागत नसेल तर लांबी योग्य. वाकावे लागत असेल तर तेवढ्या लांबीचा पातळ, हलका पीव्हीसी पाइप मध्ये जोडावा. पाइपचा आतला व्यास नळीहून अरुंद नसावा, नाहीतर ओढ कमी होते. जोडाच्या आतल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात; केस आणि दोरे तेथेच अडकतात.

संधिवाताने बोटे आखडलेल्यांना बारीक दांडा घट्ट धरणे त्रासाचे होते. पकड जितकी जाड, तितका बोटांवरचा ताण कमी. दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर बसवावे किंवा सुती पट्टी गुंडाळून जाडी तीन-चार सेंटिमीटरपर्यंत आणावी. पट्टी महिन्यातून एकदा धुवावी, नाहीतर घामाने ती चिकट होते.

ज्यांना उभे राहून काम झेपत नाही, त्यांनी हात असलेल्या खुर्चीवर बसून आपल्या भोवतीची तीन-चार फूट जागा, सोफ्याची फट किंवा पुस्तकांचे खालचे कप्पे साफ करावेत. दांड्याचा आखूड तुकडा त्यासाठी वेगळा करून ठेवता येतो. घरातील कामात आपलाही हात लागतो ही भावना वयस्क माणसाला मोलाची असते, आणि ती जपण्यासाठी त्यांच्या हाती सबंध घर द्यावे लागत नाही. पंखा आणि छताची जळमटे काढण्याचे काम मात्र त्यांच्याकडे नको. मान मागे टाकून वर पाहताना अनेकांना चक्कर येते, आणि डोळ्यांत पडणारी धूळ वेगळीच.

घरच्या जोडांत एक गमतीचा, पण फार उपयोगी प्रकार आहे. नळीच्या तोंडावर नायलॉनचा जुना पायमोजा ताणून रबराने घट्ट बांधावा. पलंगाखाली गेलेली गोळी, श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी, कानातला खडा किंवा चष्म्याचा स्क्रू मोज्यावर चिकटून वर येतो. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून शोधण्याचा प्रसंग टळतो. सापडलेली गोळी मात्र टाकून द्यावी. ती धुळीतून आलेली असते.

ज्याला हात लावायचा नाही

पहिली गोष्ट वायर. 1,400 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर प्रवाह घेते. साध्या, पातळ तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डाची कमाल मर्यादा बहुधा तेवढीच असते. यंत्र चालू असताना बोर्ड किंवा प्लग गरम लागला तर तो ताबडतोब बाद करावा. वायर लांब करण्यासाठी मध्ये तोडून तुकडा जोडू नये. चालताना वायर भिंतीच्या कडेने राहील असे पाहावे; ज्येष्ठांच्या घरात मोकळी वायर धुळीपेक्षा धोकादायक असते. घरात कोणाला प्राणवायूचे यंत्र लावलेले असेल, तर त्याच बोर्डावर व्हॅक्यूम क्लीनर जोडू नये आणि त्या यंत्राची हवा आत घेण्याची जाळी जवळ असताना धूळ उडवू नये.

दुसरी गोष्ट पाणी. कोरड्या धुळीसाठी असलेल्या यंत्राने सांडलेले पाणी, चहा किंवा मूत्र ओढू नये. बादलीचा सापळा लावला म्हणून तसे करता येईल असा समज काहींचा होतो. तो चुकीचा आहे. उडालेले तुषार मोटरपर्यंत पोचतात आणि विजेचा धक्का बसू शकतो. धुण्याजोगा फिल्टर धुतला, तर तो सावलीत किमान चोवीस तास वाळल्याशिवाय परत बसवू नये.

तिसरी गोष्ट पारा. ताप पाहण्याचा जुना काचेचा थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचे मणी फरशीवर पसरले, तर ते व्हॅक्यूम क्लीनरने कधीही ओढू नयेत. यंत्राच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होऊन घरभर पसरते आणि यंत्रही कायमचे दूषित होते. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा, मुलांना आणि ज्येष्ठांना दुसऱ्या खोलीत न्यावे, हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी मणी गोळा करावेत आणि झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. त्याचप्रमाणे देवघरातील उदबत्तीची राख, निखारे किंवा फटाक्यांची दारू यांपासून यंत्र दूर ठेवावे.

चौथी गोष्ट मोटर. यंत्र चालता चालता आपोआप बंद पडले, तर बहुधा ते तापले असते. प्लग काढून अर्धा तास थांबावे, नळी आणि पिशवी तपासावी. ते पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर आतली सुरक्षा-कळ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांना घरगुती यंत्र चालवायला सहसा हरकत नसते; चालू मोटर छातीशी धरून उचलू नये एवढेच पथ्य. शंका असल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

वापरण्याची रीत

यंत्र सुधारले तरी वापर घाईचा असेल तर लाभ अर्धाच मिळतो. तोंड फरशीवर किंवा गादीवर सावकाश, आधी उभे आणि मग आडवे असे फिरवावे. गादीतील जिवंत किडी धाग्यांना धरून बसतात, त्या सगळ्या ओढीने निघत नाहीत. निघते ती पृष्ठभागावरची विष्ठा आणि कोंडा. म्हणून चादरी आणि अभ्रे आठवड्याला साठ अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुणे आणि गादीला ऊन देणे ही कामे यंत्रामुळे संपत नाहीत.

दमा, ॲलर्जी किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्या व्यक्तीने सफाईच्या वेळी त्या खोलीत थांबू नये आणि नंतरही निदान अर्धा तास, जमल्यास अधिक वेळ, खिडक्या उघड्या ठेवून दुसरीकडे बसावे. सकाळच्या फिरण्याची वेळ यासाठी सोयीची. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला हलवता येत नसेल, तर त्या खोलीत यंत्राऐवजी ओल्या फडक्याने पुसणे अधिक चांगले. यंत्र चालवणारी व्यक्ती घरची असो किंवा कामाला येणारी मदतनीस असो, मास्कची गरज तिलाही तितकीच आहे.

घरी केलेले जोड बसवून झाल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. सकाळी खिडकीतून कवडसा येतो त्या वेळी खोलीतील हवा काही वेळ शांत राहू द्यावी आणि मग यंत्राची मागची जाळी कवडशाकडे करून मिनिटभर ते चालू करावे. कवडशात धुळीचा लोट उठलेला दिसला, तर बादली, दांडा आणि रबर कितीही नीट बसले असले तरी पिशवी किंवा फिल्टर आधी बदलावा. कवडशात फरक दिसला नाही तर ठळक गळती नाही असे समजावे. अतिसूक्ष्म धूळ डोळ्यांना दिसत नसल्याने पुढचे आठ-पंधरा दिवस सफाईच्या दिवशी घरातील ज्येष्ठांना खोकला, शिंका किंवा धाप वाढते का, याची नोंद कॅलेंडरवर ठेवावी. वाढत असेल तर सफाईची वेळ आणि फिल्टर दोन्ही बदलून पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे.